अर्ध्यावर अडकलेला काटा

पाण्याचे नमुने घ्यायला दर मंगळवारी मी गंगापूर धरणात बोट घेऊन जायचे. पाच ठरलेल्या ठिकाणी थांबायचं, बाटल्या भरायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि परत यायचं. कोल्हापूरहून बदली होऊन मी नाशिकला आले, तेव्हा बोट चालवणारे काका दोन महिन्यांत निवृत्त होणार होते. त्यांनी मला बोट शिकवली. त्यांच्या जागी कोणाला नेमलं नाही, त्यामुळे ती माझ्याच गळ्यात पडली. नियमाने बोटीत दोन माणसं हवीत, पण दुसरा माणूस कधी रजेवर असे, कधी दुसऱ्या कामाला लावलेला. मी एकटी जायला लागले आणि कोणी काही विचारलं नाही.

एकटीने राहायची सवय झालीये, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. नवऱ्यापासून वेगळी होऊन पाच वर्षं झाली होती. गंगापूर रोडला दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. सुट्टी लागली की दोन-दोन दिवस दूधवाल्याशिवाय कोणाशी बोलणं व्हायचं नाही. सोमवारी ऑफिसात पहिलं वाक्य बोलताना घसा खाकरावा लागायचा.

जानेवारीतल्या एका मंगळवारी तिसऱ्या ठिकाणाहून निघाले आणि इंजिन दोनदा ठसकून बंद पडलं. पेट्रोलचा काटा बरोबर अर्ध्यावर होता. मी चावी फिरवून पाहिली, पाइप तपासला, पुन्हा चावी फिरवली. मग सहज सीटखालच्या टाकीवर थाप मारली, तर पोकळ आवाज आला. टाकी कोरडी होती.

मोबाइलला रेंज होती. ऑफिसला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. मग मी नावांची यादी वर-खाली करत बसले. इतकी नावं होती, पण 'मी पाण्यात अडकलेय' असं ज्याला सांगावं असं एकही सापडेना. नवऱ्याचा नंबर मी अजून काढला नव्हता. त्याच्यावर अंगठा थोडा वेळ थांबला. शेवटी काकांना लावला. निवृत्त होऊन ते घोटीला राहायला गेले होते, आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत मी त्यांची एकदाही चौकशी केली नव्हती.

सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले,

"काटा अर्ध्यावर हाय ना? तो त्याच्या खाली येतच नाय, मॅडम. मी काठी बुडवून पेट्रोल बघायचो. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

त्यांनी वल्हं आहे का ते विचारलं. वारा कुठून येतोय ते विचारलं, आणि मी निघाले होते त्या काठाचा नाद सोडून पलीकडच्या काठाकडे वल्हवायला सांगितलं. वारा ढकलेल, फक्त बोटीचं नाक सरळ ठेवा म्हणाले. मी आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "ठेवू नका. चालूच राहू द्या. काही बोलला नाय तरी चालंल."

फोन स्पीकरवर टाकून मी सीटवर ठेवला. सव्वा तास वल्हवत होते. तळहाताची सालं निघाली. मधूनच ते "कुठवर आलात?" विचारायचे, मी सांगायचे. बाकी वेळ त्यांच्या घरातले आवाज ऐकू यायचे. कुकरची शिट्टी झाली. त्यांनी तो उतरवला, ताट घेतलं, जेवले, ताट घासलं. एवढ्या वेळात त्या घरात दुसऱ्या कोणाचाही आवाज आला नाही. त्यांची बायको वारल्याचं मला माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी कळला.

काठाला लागले, बोट बाभळीला बांधली आणि रस्त्यापर्यंत चालत जाऊन पेट्रोल आणलं, ते ओतून बोट परत नेली. संध्याकाळी ऑफिसात पोचले तेव्हा उशीर झाल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

रविवारी काका बसने आले. मी बोलावलं नव्हतं. पिशवीत पाने-पक्कड, वायर तपासायचा एक मीटर आणि दोन माणसांची भाकरी-भाजी होती. चावी चालू ठेवून त्यांनी टाकीवरची वायर काढली, तर काटा तळाला गेला. वायर अर्थला टेकवली, तर काटा भरलेल्या खुणेवर गेला. म्हणजे काटा चांगला, वायरही चांगली. दोष टाकीच्या आत. मग बॅटरी सोडवली, टाकीवरचे पाच स्क्रू काढले आणि पेट्रोलचा वास उडेपर्यंत आम्ही लांब जाऊन बसलो. आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा गोळा, बाहेर काढल्यावर त्याची दांडी छान वर-खाली होत होती. काकांनी टाकीत बोटं घालून चाचपलं. कधीतरी नवा फ्लोट बसवताना दांडी लांब पडली होती, ती उतरताना आतल्या पाइपवर अडकायची. त्यांनी ती जराशी वाकवली, पुन्हा बसवून पाहिली. मी पाच लिटर पेट्रोल ओतलं आणि बॅटरी जोडून चावी फिरवली. काटा अर्ध्याच्या बराच खाली थांबला. काकांनी हात पुसले आणि पिशवीतलं जेवण काढलं.

जेवताना त्यांनी सांगितलं की हे काम त्यांना काटा बिघडला तेव्हा, चार वर्षांपूर्वीच करता आलं असतं. मग केलं का नाही, असं मी विचारलं.

"काठीचं मला माहीत होतं, दुसऱ्या कोणाला नाय. वाटायचं, मी गेल्यावर कोणीतरी फोन करील, विचारील." भाकरीचा तुकडा हातात तसाच होता. "सहा महिने वाट बघितली. आला तो असा आला. तुम्हाला काही झालं असतं म्हंजे?"

मला राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण माझ्या हाताला बांधलेल्या पट्टीकडे ते ज्या प्रकारे बघत होते, त्यामुळे तो तिथेच विरला. भाजी वाढून घेतली.

त्यानंतर दर मंगळवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. काठाला लागलात का, एवढंच विचारायचे. पावसाळ्यापर्यंत हे चाललं. मग मुलाने त्यांना कल्याणला नेलं आणि फोन कमी झाले. नंतर नंतर सूनबाई उचलायच्या आणि झोपलेत म्हणायच्या.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला कल्याणला गेले. खिडकीशी खुर्चीवर बसले होते, वाळले होते. धरण किती भरलंय ते त्यांनी विचारलं. चहा झाला. सूनबाईंनी मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण. मी उत्तर शोधत असताना काका म्हणाले, "आमच्या हापिसातल्या हाईत." त्या मान हलवून आत गेल्या. आम्ही दोघं आणखी तासभर बसलो, फारसं काही न बोलता, आणि मग मी स्टेशनला जायला उठले.