रोह्याच्या सरांची कॅसेट

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहा टाकायला उठतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही... पण रोह्याला झालं ते मी एकट्यानं पाहिलेलं नाही, म्हणून लिहितोय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणजवळच्या जोह्यात वामनकाकांच्या कारखान्यात मी गणपतींच्या डोळ्यांची आखणी करायचो. दुसरं वेड टीव्हीवरच्या एका अंतराळ मालिकेचं. वर्षानुवर्षं चाललेली ती मालिका पुन्हा पहिल्यापासून लागली, तेव्हा पेणच्या एका साप्ताहिकात मी दर भागाचं परीक्षण लिहायला लागलो. नावासकट छापून यायचं, त्यामुळे कॉलर ताठ.

गणपतीच्या सीझनच्या गडबडीत एक भाग बघायचा राहिला. पहिल्या वेळचा आठवत होता, दिलं ठोकून — यानावरचा म्हातारा यंत्रमानव बंद पडतो आणि शेवटच्या क्षणी डोळे उघडून खाली, आपल्याकडे बघतो. असे डोळे आम्हालाही जमत नाहीत, असंही वर लिहिलं.

पुढच्याच अंकात रोह्याच्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांचं पत्र. यंत्रमानव डोळे उघडतच नाही, माझ्याकडे कॅसेट आहे, आणि हे गृहस्थ म्हणे देवाचे डोळे रंगवतात!

काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या हातातला बारीक ब्रश काढून घेतला. "गिऱ्हाईक वाचतंय रे हे. निकाल लागेपर्यंत तू पितांबरं रंगव."

दहा वर्षं डोळे आखलेला माणूस मी. फार लागलं ते. जेवण जाईना. शेवटी रविवारी काकाच म्हणाले, "तुला दिसलं व्हतं ना? मंग चल रोह्याला."

पेणहून एसटी धरली. वडखळ गेलं, गडब गेलं, आणि दर थांब्याला वाटत होतं, काकांना सांगून टाकावं — मी तो भाग पुन्हा पाहिलेलाच नाही. नाही सांगितलं.

आम्हाला दारात बघताच सरांनी शेजारीपाजारी बोलावून घेतले. "तीनदा तपासलंय मी," म्हणत त्यांनी स्वतः कॅसेट लावली. भरदुपार, दारं उघडी. यंत्रमानव आडवा. यानातले दिवे विझले. पापण्या मिटलेल्या... मिटलेल्याच. सरांनी माझ्याकडे वळून मान हलवली. तेवढ्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, तिकडं बघा. उघडले की."

उघडले होते. सावकाश, आणि नजर खाली, थेट आमच्यावर. खोलीत नऊ माणसं. सर खुर्चीतून अर्धे उठले. मला भीती वगैरे काही वाटली नाही — खोटं कशाला बोलू, नाचावंसं वाटलं.

सरांनी कॅसेट मागे घेऊन परत लावली. मिटलेले. आणखी एकदा. मिटलेलेच. "हे शक्य नाही," सर पुटपुटत होते.

काका उठले. "सर, डोळा एकाच हातात आखायचा असतो. परत परत गिरवला तर मूर्ती बिघडते. नऊ जणांनी बघितलं ना? मंग झालं."

सर भला माणूस. तिथल्या तिथे दुसरं पत्र लिहून दिलं — परीक्षण बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी काकांनी ब्रश पुढे केला. तेव्हा मात्र राहवेना, सगळं खरं सांगून टाकलं. काका गालात हसले. "मंग पहिल्या वेळेला तरी नीट बघितला व्हतास."

कॅसेट तीच, मशीन तेच, आणि डोळे एकदाच कसे उघडले, ते मला आजही सांगता येत नाही. एवढंच सांगतो, त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत डोळे आखले आणि हात एकदाही हलला नाही.