विहिरीतला हंसराज

शहागडपासून थोडं आत, गोदावरीच्या काठावर आमचं गाव. तिथं लेकुरवाळ्या बाया साखराबाईला ओळखतात त्या हंसराजामुळं. हंसराज जुन्या दगडी विहिरींच्या आत, सावलीतल्या ओल्या भिंतीला उगवतो. देठ काळे, केसासारखे बारीक, पानं नाजूक. खोकल्यावर त्याचा काढा देतात. बाजारातला एक वैद्य त्याला हंसपदी म्हणायचा, पान हंसाच्या पावलासारखं दिसतं म्हणून.

साखराबाईच्या घरी पूर्वी मेंढरं होती. मेंढरं गेली, मजुरी राहिली. साठी उलटली तरी ती विहिरीत उतरायची. कोणत्या दगडावर पाय ठेवायचा, कोणत्या खाचेत बोटं घालायची, हे तिला सासूनं शिकवलं होतं. पोहता मात्र येत नव्हतं. दर वेळी उतरताना तिला बुडायची भीती वाटायची. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

हंस म्हटलं की तिला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक हे औषध, अन् दुसरं मरण. नवरा गेला तेव्हा भजनातल्या म्हाताऱ्यांनी "हंस उडाला" एवढंच म्हटलं होतं. हिवाळ्यात नदीवर करडी पाखरं उतरायची, डोक्यावर काळे पट्टे असलेली. ती खरं तर हंसाच्याच जातीची, पण त्यांना सगळं गाव बदकंच म्हणायचं. मग गावातले बागायतदार अण्णासाहेब, त्यांच्या मळ्यातून मोटारीची केबल चोरीला गेली आणि त्यांनी राखणीला पाच राजहंस आणले. पांढरे, मांडीएवढे उंच. कुणी फाटकाशी आलं की मान जमिनीलगत लांब करून फुत्कारत धावायचे. साखराबाईची सून रेणुका तिथं कापूस वेचायला गेली होती, तेव्हा एकानं तिची पोटरी चोचीत धरून पिळली. तेव्हापासून रेणुका ती वाट टाळायची.

मागच्या पौषात शेजारच्या नंदाबाईची नात खोकत होती. साखराबाई नंदाबाईला म्हणाली, "डॉक्टरचं औषध बिलकुल बंद करू नको. त्याच्या संगं द्यायला मी हंसराज आणते." ती रेणुकाला घेऊन निघाली.

विहीर अण्णासाहेबांच्याच रानात होती, मळ्यापासून दोन शेतं अलीकडं. बरीच वर्षं वापरात नव्हती. साखराबाई सात दगड उतरली, पदराच्या ओटीत हंसराज भरला आणि वर यायला डोक्यावरच्या दगडाला हात घातला. दगड भिंतीतून निसटला. तिच्या खांद्याला घासून खाली गेला. जरा वेळानं पाणी वाजलं.

"आत्या!" रेणुका वरून ओरडली.

"झुकू नको! माती पडून राह्यली!"

वरचा आधार गेला होता, आणि पुढचा दगड हाताला पोचत नव्हता. खाली पाहायची साखराबाईची हिंमत होईना. रेणुकानं लुगडं सोडून आधी ताणून पाहिलं, तर जुनं कापड टरकायला लागलं. मोबाईल घरी चार्जिंगला लावून आली होती. तिनं आसपासच्या रानात हाका मारल्या. कुणीच ओ दिली नाही.

"आत्या, मी दोर आणते. हलू नका."

"जल्दी ये, पोरी. पायाखालचा बी हालून राह्यला."

रेणुका लुगडं गुंडाळून धावत सुटली, ती थेट मळ्याच्या फाटकापर्यंत. तिथं मात्र तिचे पाय थांबले. पाचही राजहंस आत उभे होते, माना वळवून तिच्याकडं बघत. तिच्या पोटरीत जुनी कळ उठली. तिनं हाका मारल्या, पण अण्णासाहेबांच्या घराचं दार लांब होतं. मागं फिरून गाव गाठावं तर अर्धा तास. तिनं कडी काढली.

पहिल्यानं दंडाला धरलं. दुसऱ्याच्या पंखाचा तडाखा कोपरावर असा बसला की हात बधिर झाला. लुगडं ओढलं गेलं, ती पडली, उठली, पुन्हा पळाली. त्या सगळ्यांनी एकच गिल्ला केला. कर्कश, भोंग्यासारखा.

तो आवाज दोन शेतं ओलांडून विहिरीत उतरला. साखराबाई भिंतीला गाल लावून उभी होती. कोण ओरडतंय हे तिला कळलं नाही. वाटलं, हंस बोलवायला आला. पायाखालचा दगड कुरकुरला. "न्हाई," ती भिंतीला म्हणाली. "अजून न्हाई." कितीदा म्हणाली, ते तिलाही आठवत नाही.

गोंधळ ऐकून अण्णासाहेब बाहेर आले. "कोण हाय?"

"दोर द्या! आत्या विहिरीत अडकल्यात!"

त्यांनी गड्याला हाक मारली, मोटारीचा जाड दोर खांद्यावर टाकला, आणि तिघं धावले. लिंबाच्या बुंध्याला दोर बांधून दुसरं टोक खाली सोडलं. साखराबाईनं ते पकडायला एक हात भिंतीवरून काढला, तो लगेच परत लावला. पुन्हा काढला, पुन्हा लावला. शेवटी रेणुका दंडाचं रक्त पुसत वरून दटावून बोलली, "धरा आत्या. मी सोडायची न्हाई." तेव्हा कुठं तिनं दोर कमरेला गुंडाळला. वर ओढताना गुडघ्यांची साल निघाली. ती वर उचलली जाताच पायाखालचा सातवा दगड निसटून पाण्यात गेला. तो आवाज तिघांनीही ऐकला.

रेणुकाच्या दंडाला दवाखान्यात तीन टाके पडले. परत येताना एसटीत साखराबाईनं विचारलं, "फाटकातून गेलीस कशी गं?"

"मला न्हाई माहीत. आता जमायचं न्हाई."

अण्णासाहेबांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. साखराबाई आता कुणासाठीच विहिरीत उतरत नाही. ओढ्याच्या कपारीत जे मिळेल तेवढंच आणते. ओसरीवर बसून ती बोलत असते, मध्येच तिची बोटं मागच्या भिंतीत खाच शोधू लागतात. रेणुका जवळ असेल तर चूल सोडून येते आणि तो हात आपल्या हातात धरून ठेवते.