वॅट वाढली, वाट लागली

वायरलेसच्या खोलीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, बिघडलेल्या सेटांसोबत ते आपोआप येतात. एटापल्लीकडच्या जंगलात मी वनखात्याच्या कंट्रोल रूमचा माइक सांभाळते आणि बाजूच्या टेबलावर बोरकरभाऊ सेट दुरुस्त करतात. आवाज लांब जावा म्हणून गार्ड लोकांची मागणी एकच, "भाऊ, वॅट वाढवून द्या ना!"

*

गेडाम गार्डाला धीर नव्हता. त्याने स्वतःच सेट उघडून आतला स्क्रू पिळला. आवाज लांब गेला, पण बॅटरी जेवणाआधीच संपली आणि सेट हातात धरवेना इतका तापला.

"काऊन रे, काय केलं याले?" भाऊंनी विचारलं.

"काई नाई भाऊ, थंडीत कामाले येईल म्हटलं!"

*

पोंभुर्ण्याहून बदलून आलेल्या एका साहेबांनी जुन्या टीव्हीची लांबलचक दांडी अँटेना म्हणून जोडली. पॉवर बाहेर जायचं सोडून उलटी आत फिरली. सेटमधून धूर!

"एवढी मोठी अँटेना, तरी आवाज काऊन गेला नाई?"

भाऊ म्हणाले, "गेला होता साहेब. रस्ता नाई सापडला, घरी परत आला!"

*

वॅट कमी करून मागणारा एकच भेटला. "भाऊ, साहेबाले 'सिग्नल नव्हता' असं सांगताच येऊन नाई राह्यलं!"

*

आणि आमचा किशोर. त्याचं मन डोंगरापलीकडच्या बीटातल्या, म्हणजे राखणीच्या हद्दीतल्या सुनंदावर, तीही गार्डच. मोबाइलचा टॉवर नाही आणि तिला दुसरं स्थळ बघायला येणार. पठ्ठ्याने भाऊंच्या हातापाया पडून वॅट वाढवून घेतली.

"सुनंदा, उद्या मायले घेऊन तुझ्या घरी येऊ का? ओव्हर."

सगळ्या बीटांनी ऐकलं! सुनंदाचं उत्तरही आमच्या उंच अँटेनावर लगेच आलं, "ये." पण तिचा सेट साधा, तो आवाज डोंगर ओलांडून किशोरपर्यंत पोचेना. वॅट वाढली की तोंड मोठं होतं, कान तेवढेच राहतात!

तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. शेवटी रडवेला झाला, "नाई तर नाई म्हणून टाक. ओव्हर." सेटवर खासगी निरोप द्यायचा नाही असा नियम, म्हणून मी नुसती माइक धरून बसले होते.

तेवढ्यात आमच्या कडक साहेबांनी माझ्या हातातला माइक घेतला. मला वाटलं, गेली आता दोघांची नोकरी.

"किशोर, सुनंदाचा मेसेज घे. 'ये.' ओव्हर."

आवाज खणखणीत गेला. पलीकडून हळूच आलं,

"साहेब, एकडाव अजून रिपीट करा ना. ओव्हर."