पिंपळपानाच्या नाण्याला काप

माझे यजमान गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. दर बुद्धपौर्णिमेच्या सुमारास ते चांदीचं एक नाणं मागवायचे. साधं नाही, मोजकेच नग निघणारं, गोल पारदर्शक डबीत बंद, सोबत प्रमाणपत्र. चांदीच्या भावापेक्षा बरंच महाग पडायचं.

"तेवढ्यात किती जास्त चांदी येते," मी म्हणायची.

"चांदी कोनीबी ठेवते. हे मंग भेटत नाई. म्हातारपनी कामी येईन."

रविवारी पांढऱ्या फडक्यावर डब्या मांडून ते बघत बसायचे. नाण्याला मात्र बोट लावायचे नाहीत. डाग पडला की किंमत गेली, म्हणायचे.

ते निवृत्त झाले, आणि चांदी अशी काही चढू लागली की शेजारणी जुने पैंजण काढून बाजारात न्यायला लागल्या. तेव्हा तेच म्हणाले, "एक इकून पाहू. मंग ठरवू, घेत राह्याचं का बंद कराचं." पिंपळपानाचा छाप असलेली नाणी दोन होती, त्यातलं एक घेऊन आम्ही चंद्रपूरला गेलो.

दुकानात गर्दी होती. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "डबी काढा, काका." यांनी डबी उघडली, नाणं कडेनं धरून काट्यावर ठेवलं. वजन झालं. "तपासून आनतो," म्हणून तो पडद्यामागे गेला. आता चहा घ्यावा की आधी भाजी, असलं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं.

तो परत आला आणि त्यानं काचेवर जे ठेवलं, ते मला आधी दुसऱ्याच कुणाचं नाणं वाटलं. कडेपासून थेट पानाच्या देठापर्यंत कापलेलं, एक बाजू वर वाकलेली.

"अंदर बी चांदीच हाय, काका. भेसळ नाई," तो खुशीत म्हणाला.

यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "हे... हे तुम्ही कापलं?"

"मंग? कापल्याबगर कसं समजन?"

"अहो, प्रमाणपत्र होतं ना सोबत!" माझा आवाज इतका चढला की जोडवी बघणारी एक बाई वळून बघायला लागली.

गादीवरून मालक शांतपणे बोलले, "बाई, आमच्याकडं वजनाचा भाव हाय. छाप कोनता, हे आमी पाहत नाई. कापू नका म्हनून सांगाचं होतं."

ते खरं होतं. आम्ही सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. भांडायलाही जागा उरली नाही.

यांनी नाणं विकलं नाही. डबीत घालायला गेले, तर वाकल्यामुळे झाकण बसेना. शेवटी नाणं एका खिशात, डबी दुसऱ्या खिशात. परतीच्या बसमध्ये राजुरा आल्यावर ते म्हणाले, "याले कोनी कापू शकते, हे माह्या डोक्यातच कदी आलं नाई."

काही दिवसांनी त्यांनी दुसऱ्या पिंपळपानाचा फोटो नागपूरच्या एका संग्राहकाला पाठवला. नाणं उत्तम आहे, तो म्हणाला. पण भाव सांगितला तो चांदीच्या जरासाच वर. "जपून ठेवणारे पुष्कळ आहेत, काका. घेणारे कमी."

फोन ठेवून यांनी ती डबी पुन्हा फडक्यावर ठेवली. वरचे जे पैसे वर्षानुवर्षं मोजले, ते परत यायचेच नव्हते.

"तुहं बरोबर होतं," ते म्हणाले. "साधीच घ्याले पाह्यजे होती."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"पन साधी घेतली असती, तं मी तिले दर ऐतवारी पाह्यत बसलो असतो काय?"

नवीन नाणी मागवणं त्यांनी बंद केलं. आता जमेल तेव्हा आम्ही साधी चांदी घेतो. जुन्या डब्या कपाटात आहेत, विकायचं कुणी नाव काढत नाही. कापलेलं नाणं त्यांनी त्यातच, उघडं ठेवलंय. कपाट पुसताना मी त्यालाही बोट लागू देत नाही.