शेवटचा प्रश्न

"मान नको, पाय वळवा!" असं म्हणून सर माझ्या दुकानात खरोखरच टाचेवर गर्रकन वळून दाखवायचे. वय पंचाहत्तरीपुढचं आणि जागा काउंटर नि झेरॉक्स मशीन यांच्यामधली हातभर. दोनदा त्यांनी माझा स्टेपलर पाडला.

"पश्चात्ताप म्हणजे रडणं नव्हे गो बाय. रडतो कोणीही. ज्याचं बिघडवलं त्याच्याकडे चालत जायचं."

"सर, आधी स्टेपलर उचला," मी म्हणायची.

रत्नागिरीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर सर चर्चमध्ये रविवारी मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचे आणि त्याचा पाठ हाताने लिहून दर गुरुवारी माझ्याकडे आणायचे. पुढच्या पानावर मजकूर, मागे दहा प्रश्न. प्रश्न नसले की माणसं नुसती माना डोलावतात, असं त्यांचं ठाम मत. मी देवळात जाणारी बाई, पण टाइप करून करून त्यांचे पाठ मला तोंडपाठ झाले होते.

येशूनंतरची पहिली मंडळी, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा समूह, कशी वाढली हा त्यांचा लाडका पाठ. एका दिवसात तीन हजार माणसं येऊन मिळाली, हे वाक्य ठळक अक्षरांत हवंच.

"मग तीन हजार प्रती काढू?" मी एकदा विचारलं.

"सात काढ," सर हसून म्हणाले. मग बोटं मोजून म्हणाले, "नको, सहाच. एक बाई लेकाकडे पनवेलला गेल्या त्या गेल्याच."

तरी मशीन सुरू करण्याआधी ते डोळे मिटून प्रार्थना करायचे. माझ्या जुन्या मशीनला तिची गरज होतीच, त्यामुळे मीही थांबायची.

एका दुपारी वीज गेली आणि सर नुसतेच बसून राहिले. त्या दिवशीचा पाठ पश्चात्तापाचा होता. कागदाकडे बघत ते म्हणाले, "माझा धाकटा भाऊ मंडणगडला असतो."

भाऊ पूर्वी फार प्यायचा. सर तेव्हा इथल्या मंडळीचे पंच, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक होते. त्यांनीच पुढे होऊन त्याचं नाव मंडळीतून काढायला लावलं. पुढे त्याने दारू सोडली आणि एका रविवारी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तो चर्चच्या पायरीवर आला. सरांनी त्याला दारातच अडवलं. "मी बोलावीन तेव्हा ये," असं सांगितलं. तो पायरीवरूनच परत गेला.

"मग बोलावलंत कधी?"

"राहिलं गो."

अठरा वर्षं राहिलं होतं. ऐकून मला त्यांचा रागच आला. "मग वळवा की पाय! सकाळची एसटी आहे मंडणगडला," मी बोलून गेले.

पुढे दोन-तीन महिने सर "उद्या निघतो" म्हणत राहिले. कधी गुडघा आडवा आला, कधी पाऊस. मग एका गुरुवारी त्यांनी पश्चात्तापाच्या पाठाची एक प्रत जास्त काढायला सांगितली आणि पाकिटावर भावाचा पत्ता टाइप करून घेतला.

"तो वाचील. त्याला कळेल," ते म्हणाले.

आयुष्यभर शिकवत आलेला माणूस. त्याने माफीसुद्धा पाठ म्हणूनच पाठवली. आत दहा प्रश्न होते, पण "ये" एवढं एक अक्षर नव्हतं. 'सर, दोन ओळी हाताने लिहा हो,' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. दुकानात गिऱ्हाइकं होती, मी बोलले नाही. ते मला अजून टोचतं.

त्यानंतर दर गुरुवारी सर आले की आधी मान हलवायचे. काही आलेलं नसायचं.

आलं ते पावसाळा संपता संपता. सरांनी पाकीट माझ्या काउंटरवर ठेवलं. आत भावजयीची चिठ्ठी होती. "भावोजी, हे गेल्या महिन्यात गेले. तुम्हाला कोणत्या तोंडाने कळवू, ते सुचेना. त्यांच्या ट्रंकेत हा कागद सापडला. तुमचा दिसतो, म्हणून पाठवते."

कागद तोच होता. दहाही उत्तरं लिहिलेली, शाळेतल्या मुलासारखी जपून, खाडाखोड न करता.

"तू तपास गो," सर म्हणाले. माझ्याने होईना. तेव्हा त्यांनी स्वतःच खिशातलं लाल पेन काढलं आणि सवयीने एकेका उत्तरापुढे बरोबरची खूण करत गेले. नऊ उत्तरं बरोबर होती. दहावा प्रश्न दर पाठाला तोच असायचा, 'हा पाठ वाचून तुम्ही काय कराल?'

खाली लिहिलं होतं, 'दादा बोलावील तेव्हा येईन.'

सर कितीतरी वेळ पेन धरून उभे होते. मी त्यांना बसा म्हटलं, पाणी दिलं. त्यांचं लक्षच नव्हतं. मग कागदाची घडी करून ते निघून गेले. मशीनवर त्या दिवशीचा पाठ तसाच राहिला.

वर्ग बंद झाला. उरलेल्या सहा जणांनी दोन रविवार वाट पाहिली म्हणे. भावजयीला भेटायला तरी जा, असं मी एकदा सरांच्या घरी जाऊन सांगून आले. त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाले, "आता कोणाकडे गो?"

अजून दर गुरुवारी ते दुकानावरून जातात. समोर आले की माझ्याकडे मान वळवतात. मी खुर्ची पुढे सरकवते. पाय सरळ पुढे निघून जातात.