चाचांचा गणपती

मुलीची लग्नपत्रिका छापायला मी अफझलगंजच्या एका दुकानात गेलो. डिझाइन करणारे चाचा जुन्या कॉम्प्युटरला चिकटून बसले होते. त्यांचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर कंपनीनं केव्हाच बंद केलेलं. त्यातच माउसनं काढलेला त्यांचा गणपती वीस वर्षं आम्हा मराठी लोकांच्या पत्रिकांवर झळकत होता. नव्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की सोंड तुटायची.

"आपका कार्ड आखरी, साब. ये मशीन अब नैं चलती."

"नेट पे तो कित्ते भी गणपती मिलते, चाचा," मी उगाच शहाणपणा केला.

"मिलते. पन मेरे हाथ के नैं ना."

प्रिंट निघाली. चाचांनी जुना कॉम्प्युटर बंद केला, त्याचा पडदा बाहीनं पुसला. मग ती प्रिंट शेजारी आणून ठेवलेल्या नव्या कॉम्प्युटरला टेकवून ठेवली, "बिस्मिल्ला" म्हणाले आणि पहिल्यापासून सोंड काढायला बसले.