चौथे नेत्रशिबिर

नव्वदच्या दशकात मी वाघोडियाच्या बाजूला एका कारखान्यात ग्रामकल्याण अधिकारी होतो. औद्योगिक वसाहत वाढली, तसे शेजारच्या गावातील विहिरींचे पाणी पिवळे झाले. बायका दीड कोसावरून पाणी आणू लागल्या. आमच्या कारखान्याची जलवाहिनी त्या गावाच्या शिवेवरून जात होती. तिला फाटा काढून गावात नळ द्यावा, असा प्रस्ताव मी सादर केला. नकाशा आणि पाण्याच्या तपासणीचा अहवालही जोडला.

उत्तरादाखल नेत्रशिबिर मंजूर झाले.

कारण शोधावे लागले नाही. आमचे मोठे साहेब रोज सकाळी चार मित्रांसह कमाटीबागेत फिरत. त्यांपैकी एक डोळ्यांचे डॉक्टर होते. कारखान्याने समाजासाठी काय करावे हे त्या फेरीत ठरे आणि दहा वाजता हुकूम होऊन माझ्या टेबलावर येई.

हे डॉक्टर शाळेत माझ्याच बाकावर बसत. शिबिराच्या तयारीसाठी ते कचेरीत आले.

"केम छो, कल्याण अधिकारी? तुझं ते पाण्याचं प्रकरण ऐकलं मी. अरे, सकाळी बागेत ये ना! साहेबांना तूच सांग, मी बाजूला असतोच. दोन फेऱ्यांत काम होईल."

"प्रस्ताव गेलेला आहे," मी म्हणालो.

"प्रस्ताव! तुझ्या आजोबांची कचेरी नव्हे ही. संस्थान विलीन झालं, बाबा."

आजोबा संस्थानच्या कारभारात होते. ओळखीने काम सांगायला आलेला माणूस आमच्या घरी उंबऱ्यावरूनच परत जाई. मी बागेत गेलो नाही. दर वर्षी तोच प्रस्ताव नव्या तारखेने पाठवीत राहिलो. दर वर्षी शिबिर होत राहिले.

चौथ्या शिबिराला गावात तपासायला डोळे उरले नव्हते. मंडप भरावा म्हणून तीच माणसे पुन्हा रांगेत बसवली. त्यांत एक म्हातारी होती. पाणी भरण्यासाठी तिची नात त्याच वर्षी सातवीतून काढली होती. म्हातारीने नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मोठ्याने म्हणाली, "साहेब, हा चौथा. आता पाण्याचा रंग खाटेवरूनसुद्धा दिसतो!"

बायका हसल्या. व्यासपीठावर मोठ्या साहेबांना शब्द ऐकू गेले नाहीत. त्यांनी हसून हात जोडले.

पुढे त्या चार मित्रांपैकी एकाने गावालगत जमीन घेऊन फार्महाऊस बांधायला काढले. एके दिवशी दहा वाजता माझा जुना प्रस्ताव मागवला गेला. संध्याकाळी तो सहीनिशी परत आला. त्यातला एक शब्दही कुणी बदलला नव्हता.

नळ सुरू झाला त्या दिवशी म्हातारीने घागर लावली. नातीचे लग्न होऊन ती सासरी गेली होती.

"इतकी वर्षं का लागली, साहेब?" म्हातारीने विचारले. "तुमची वर कुणाशी ओळख नव्हती?"

"नव्हती."

"मग तुमचा काय दोष?" ती म्हणाली, आणि भरलेली घागर उचलायला मला हात लावायला सांगितले.